एलईडीच्या उजेडात पॅरिस करार

कार्बन उत्सर्जन कमी करणाऱ्या तंत्रज्ञानाची यादी करायला घेतली, तर एलईडी दिव्याचे नाव पहिल्या पाचांत येते आणि त्यावर फारसा वादही होत नाही. 60 वॅटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड देत असे, तेवढा 9 वॅटचा एलईडी देतो. जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली. पुढच्या काही वर्षांत 36 कोटींहून अधिक दिवे स्वस्तात घरोघर गेले आणि कोकणातल्या वाड्यावस्त्यांतले पडवीतले बल्बही बदलले. त्याच वर्षी 12 डिसेंबरला पॅरिस करार संमत झाला.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मात्र ‘एलईडी’ हा शब्द वेगळ्या अर्थाने, आणि बहुधा रागाने, उच्चारला जातो. अमावस्येच्या मागेपुढे, काळोख्या रात्री, जनरेटर चढवलेली नौका खोल पाण्यात उभी राहते. प्रखर पांढरे दिवे पाण्यावर रोखले जातात, काही वेळा पाण्याखालीही सोडले जातात. उजेडाला प्लवंग गोळा होतात, प्लवंगांमागे लहान मासळी येते, तिच्यामागे मोठी. थवा दाटला की पर्ससीन जाळे त्याच्याभोवती गोल सोडायचे आणि तळाची दोरी बटव्याच्या नाडीसारखी आवळायची. जाळ्यात बांगडा येतो, तारली येते, आणि अजून बाजारात जायच्या लायकीची न झालेली पिल्लेही येतात. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीवर बंदी घातली. त्यानंतरही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांची आंदोलने थांबलेली नाहीत, कारण दिवे थांबलेले नाहीत.

पडवीत आणि समुद्रात दिवा एकच आहे, आणि त्याची कार्यक्षमताही तीच. पडवीत तिने वीज वाचवली. समुद्रात तिने उजेड इतका स्वस्त केला की एरवी डिझेलच्या खर्चाने मागे ओढला गेला असता असा उद्योग परवडू लागला. आंतरराष्ट्रीय हवामान करार आणि तंत्रज्ञान उद्योग यांचे नाते समजून घ्यायला मालवणचा किनारा एवढ्यासाठी उपयोगी पडतो. यंत्र सुधारले म्हणजे वापर घटेल, हे गृहीतक तिथे रोज रात्री तपासले जाते.

या गृहीतकावरचा आक्षेप जुना आहे. 1865 मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले. वाफेचे इंजिन जसजसे कमी कोळशात जास्त काम करू लागले तसतसा इंग्लंडचा एकूण कोळसा वाढत्या प्रमाणात जळू लागला, असे त्याचे निरीक्षण होते. काम स्वस्त झाले की ते जास्त ठिकाणी करावेसे वाटते. हा नियम सर्वत्र आणि सर्वकाळ लागू पडतो असे नाही. घरातला दिवा एलईडी झाला म्हणून कोणी सातपट दिवे लावत नाही, कारण घराची उजेडाची भूक ठरावीक असते. बाजाराची मासळीची भूक तशी ठरावीक नाही. संगणनाची भूक तर अजिबात नाही.

हवामान करारांनी या प्रश्नाला तीन वेळा तीन तऱ्हेने हात घातला. 1992 मध्ये रिओच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार सह्यांसाठी खुला झाला. त्याने उद्दिष्ट सांगितले, आकडा सांगितला नाही. 1997 मध्ये क्योटो मसुदा आला आणि 2005 पासून लागू झाला. त्यात श्रीमंत देशांना ठरावीक मुदतीत एकूण उत्सर्जन इतके टक्के कमी करा असे बंधन होते. भारतासारख्या देशांना नव्हते. बंधन खरे होते, पण ते न मानणाऱ्याला रोखायची सोय नव्हती. अमेरिकेने क्योटोला मान्यताच दिली नाही, कॅनडाने 2011 मध्ये बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. या अनुभवाने पोळलेल्या मुत्सद्द्यांनी पॅरिसला उलटी वाट धरली. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे, दर पाच वर्षांनी ते वाढवायचे, आणि प्रगती कळवायची. सगळे आत आले ते याच सवलतीमुळे.

भारताने 2 ऑक्टोबर 2016 रोजी पॅरिस करार अधिकृतपणे स्वीकारला. ऑगस्ट 2022 मध्ये सुधारून दिलेले उद्दिष्ट असे, की 2030 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी घटवायचे. त्याआधी ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये 2070 पर्यंत निव्वळ शून्याची घोषणा झाली होती. दर रुपयामागचे उत्सर्जन म्हणजे तीव्रता. 2005 ते 2020 या काळात ही तीव्रता 36 टक्क्यांनी उतरली, असे भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवले आहे. त्याच काळात एकूण उत्सर्जन वाढले. यात लपवाछपवी काही नाही. माणशी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी वाटा असलेल्या देशाने एकूण आकड्याची मर्यादा आताच मान्य करावी, अशी मागणी करणाऱ्यांनी आधी आपले क्योटोचे प्रगतिपुस्तक काढून दाखवावे, हेही खरे. पण तीव्रता आणि एकूण हे दोन वेगळे हिशेब आहेत, एवढे ध्यानात ठेवणे भाग आहे.

सिंधुदुर्गात हा फरक समजवायला अर्थशास्त्र लागत नाही. 2011 च्या सुमारास जागतिक पर्यावरण सुविधा, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि केंद्र सरकार यांचा एक संयुक्त प्रकल्प या जिल्ह्यात सुरू झाला. किनाऱ्यावरची जैवविविधता टिकवण्याचा विचार मासेमारी, शेती, पर्यटन या धंद्यांतच मुरवायचा, असा त्याचा हेतू होता. त्यातला एक प्रयोग ट्रॉल जाळ्याच्या मागच्या पिशवीचा. नेहमीच्या जाळ्याची आस, म्हणजे भोक, शंकरपाळ्यासारखी असते. जाळे पाण्यातून ओढले जाऊ लागले की ताणाने ती मिटते आणि पिशवी जवळजवळ कापडासारखी होते; बोटभर मासाही सुटत नाही. त्याऐवजी 40 मिलिमीटरची चौकोनी आस बसवली तर ताण चारही बाजूंना सरळ जातो, भोके उघडी राहतात आणि पिल्ले निसटतात. जाळ्याला पाण्याचा विरोध कमी होत असल्याने इंजिनावरचा ताणही थोडा हलका होतो. साधे, स्वस्त आणि खरोखर उपयोगी तंत्र. दर जाळ्यामागचे नुकसान त्याने नक्की घटते. पण समुद्रातली एकूण पिल्ले वाचतात की नाही, हे जाळी किती आणि होड्या किती यावर ठरते. आस मोठी केली आणि नौका दुप्पट झाल्या तर तीव्रता सुधारली आणि समुद्र रिकामा झाला, अशी दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी ठरतात.

तंत्रज्ञान उद्योगाचे गेल्या दशकातले वागणे या दोन वाक्यांत पुरते बसते.

न्यायाने बोलायचे तर या उद्योगाने एकदा जेव्हन्सला हरवून दाखवले होते. 2010 ते 2018 या आठ वर्षांत जगातल्या डेटा सेंटरांमधले संगणन साडेपाच पटींहून जास्त वाढले, पण त्यांची वीज अवघी 6 टक्क्यांनी वाढली, असे 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. लहान लहान कार्यालयांतले गरम खोलीत घरघरणारे सर्व्हर मोठ्या, नीट थंड ठेवलेल्या केंद्रांत गेले, एका यंत्रावर दहा यंत्रांचे काम बसवता आले, चिप सुधारल्या. त्या काळात झालेल्या घोषणांमागे हा आत्मविश्वास होता. ॲमेझॉनने 2019 मध्ये 2040 पर्यंत निव्वळ शून्याचे वचन दिले. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये सांगितले की 2030 पर्यंत कंपनी जितका कार्बन सोडेल त्याहून जास्त काढून घेईल. ॲपलनेही 2030 हेच वर्ष धरले. पॅरिसच्या करारात राष्ट्रांनी जे केले तेच इथे कंपन्यांनी केले: उद्दिष्ट आपले, मोजमाप आपले, प्रगतीचा अहवालही आपलाच.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. गूगलचे 2023 सालचे उत्सर्जन 2019 च्या तुलनेत 48 टक्क्यांनी जास्त भरले, म्हणजे सुमारे 1 कोटी 43 लाख टन. मायक्रोसॉफ्टचे 2020 पासून तीन वर्षांत 29 टक्क्यांनी वाढले. हे आकडे कंपन्यांनीच छापलेले आहेत, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी 41,500 कोटी युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. 2030 पर्यंत हा आकडा 94,500 कोटी युनिटांवर जाईल असा तिचा अंदाज आहे. दर प्रश्नोत्तरामागची वीज मात्र सतत उतरते आहे. आस मोठी होते आहे आणि होड्या वाढत आहेत.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा भाग मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ऐरोली, महापे, पनवेल, चांदिवली इथल्या खिडक्या नसलेल्या उंच इमारती याच केंद्रांच्या आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईला किनाऱ्यावर चढतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, म्हणून ही केंद्रे इथे आली. त्यांना लागणारी वीज राज्याच्या जाळ्यातूनच येते. जून 2025 अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळसा-तेल-वायू सोडून इतर साधनांचा वाटा 50 टक्क्यांवर गेला आणि पॅरिसला दिलेले एक उद्दिष्ट पाच वर्षे आधी पूर्ण झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सूर्य संध्याकाळी मावळतो, वारा आपल्या मर्जीने वाहतो. प्रत्यक्षात निर्माण होणाऱ्या विजेतला तीन-चतुर्थांशाच्या आसपासचा हिस्सा अजून कोळशाचा आहे. कोकण रेल्वेचा रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा मार्ग 2022 मध्ये पूर्ण विद्युतीकृत झाला, कुडाळ-कणकवलीच्या स्थानकांवरून डिझेलचा धूर गेला. तो संपूर्ण नाहीसा झाला असे म्हणता येणार नाही. त्यातला काही चंद्रपूरच्या आणि कोराडीच्या चिमण्यांकडे गेला. तरी ही अदलाबदल फायद्याचीच आहे, कारण रेल्वे मुळात ट्रकपेक्षा कमी ऊर्जेत माल नेते आणि जाळ्यातली वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी रेल्वे आपोआप स्वच्छ होते. डेटा सेंटरांबाबतही हाच युक्तिवाद करतात. फरक इतका की कोकण रेल्वेच्या गाड्या सहा वर्षांत दुपटीहून जास्त होणार नाहीत.

कंपन्या हा फरक कागदावर भरून काढतात आणि इथे हिशेबाची एक खोच आहे. एखाद्या कंपनीने राजस्थानात किंवा टेक्सासात सौर प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला तर ती वीज आपल्या नावावर लावून, रात्री नवी मुंबईत वापरलेल्या विजेचे उत्सर्जन शून्य दाखवता येते. ठिकाणाप्रमाणे मोजले तर आकडा वेगळा येतो, कराराप्रमाणे मोजला तर वेगळा, आणि जाहिरातीत दुसराच लागतो. काही कंपन्या आता प्रत्येक तासाची वीज त्याच भागातल्या स्वच्छ स्रोतातून घेण्याचे उद्दिष्ट ठेवू लागल्या आहेत. ते उद्दिष्ट अवघड आहे, म्हणूनच प्रामाणिक आहे.

उरलेला कार्बन विकत घेऊन फेडायचा, हा दुसरा मार्ग. जानेवारी 2025 मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीशी 1 लाख टनांचा सौदा केला. गुजरातेत माजलेली वेडी बाभूळ तोडून तिचा कोळशासारखा बायोचार करायचा आणि तो मातीत पुरायचा. त्या लाकडातला कार्बन शेकडो वर्षे हवेत जाणार नाही, शेतकऱ्याची जमीन सुधारेल. कल्पना चांगली आहे. हिशेब मात्र करून पाहावा: 2023 च्या दराने 1 लाख टन म्हणजे गूगलचे साधारण अडीच दिवसांचे उत्सर्जन. सौदा 2030 पर्यंतचा आहे.

कोकणात हा ओघ खारफुटीकडे वळतो. कांदळवने खाडीच्या चिखलात कार्बन साठवून ठेवतात. प्राणवायू नसलेल्या त्या काळ्या गाळात पाने-मुळे कुजायला फार वेळ लागतो. ॲपलने पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनला रायगड जिल्ह्यातल्या कांदळवनांच्या संवर्धनासाठी मदत दिल्याचे 2022 मध्ये जाहीर केले. गावांशी संवर्धनाचे करार करायचे, तोड थांबवायची आणि त्या बदल्यात उपजीविकेला आधार द्यायचा, अशी त्याची रीत. उत्सर्जन पत्रांच्या खरेदीपेक्षा ही पद्धत बरी म्हणायला हवी, कारण तीत कंपनीच्या हिशेबवहीतून टन वजा करण्याची घाई नाही. पण मोबाइल बनवताना जळणारा कोळसा आणि खाडीतला चिखल यांची एकमेकांशी बरोबरी लावली की दोन्हींचे मोल चुकते. चिखल एकदाच भरतो. कोळसा दरवर्षी जळतो.

सिंधुदुर्गच्या खाड्यांत हवामान कराराचा पैसा दुसऱ्या दाराने आला, आणि ते दार कंपन्यांचे नाही. 2010 मध्ये कानकुनच्या परिषदेत हरित हवामान निधी स्थापन करायचे ठरले. श्रीमंत देशांनी गरीब देशांना द्यायच्या पैशाचे ते एक पात्र. ऑक्टोबर 2018 मध्ये या निधीने भारताच्या किनारी समाजांसाठी 4 कोटी 34 लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या तीन राज्यांचा हा प्रकल्प. महाराष्ट्रात तो कांदळवन प्रतिष्ठानाकडे आला आणि त्यात सिंधुदुर्ग आहे. कांदळवनाची पुनर्लागवड, खाडीत खेकडे, कालवे आणि शिनाणे पाळणे, शोभिवंत मासे वाढवणे अशी कामे त्यात येतात. यांतल्या काहींचा पाया आधीच्या जैवविविधता प्रकल्पातच घातला गेला होता. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हे त्यांच्याच हाती असते. झाडाच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या असतात, ओहोटीला चिखलातून वर आलेली श्वसनमुळे पेन्सिलींसारखी उभी दिसतात, आणि ही चिपी, ही तिवर, हा कांदळ अशी ओळख होत जाते. या होडीला डिझेल लागत नाही. तिच्या उत्सर्जनाची नोंद करायला कोणाला जावे लागत नाही.

हा पैसा किती कमी आहे हे समुद्राकडे पाहिले की कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवून दिले की 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे 52 टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळे दीडशे टक्क्यांनी. फयान 2009 मध्ये, क्यार 2019 मध्ये, निसर्ग 2020 मध्ये, तौक्ते 2021 मध्ये. पूर्वी वादळ म्हटले की बंगालच्या उपसागराकडे बोट जायचे. तौक्ते 16 मे 2021 रोजी सिंधुदुर्गाच्या जवळून गेले. ऐन आंब्याच्या हंगामात हापूसच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडून गावे कित्येक दिवस अंधारात राहिली, देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या नौकाही बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळांचे विरंजन झाल्याच्या नोंदी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केल्या आहेत. रापण ओढणाऱ्यांनी समुद्राच्या या तापण्यात काय भर घातली असेल? एक होडी जाळे अर्धवर्तुळात सोडून येते, मग किनाऱ्यावरची तीस-चाळीस माणसे दोन टोकांच्या दोरांना धरून मागे मागे सरकत ते वाळूवर आणतात. इंधन म्हणायचे तर सकाळची न्याहारी.

करारांमध्ये मर्यादा घालून यश मिळालेच नाही असे नाही. 1987 चा माँट्रियल करार ओझोनच्या थरासाठी होता, पण हवामानाला त्याचा मोठा लाभ झाला. त्याने वायूंची नावे घेतली, दर वायूला उत्पादन घटवण्याचे वेळापत्रक लावले, करारात नसलेल्या देशांशी त्या मालाचा व्यापार बंद केला आणि गरीब देशांना तंत्र बदलायला वेगळा निधी दिला. उद्योगाने आधी कुरकुर केली, मग पर्याय शोधले. 2016 च्या किगाली दुरुस्तीने हीच रीत शीतयंत्रांतल्या एचएफसी वायूंना लावली. भारताने ती 2021 मध्ये मान्य केली: 2032 पर्यंत 10 टक्के घट, 2037 पर्यंत 20, 2042 पर्यंत 30 आणि 2047 पर्यंत 85. मासळीच्या धंद्यावर याचा परिणाम थेट आहे, कारण हा धंदा बर्फावर चालतो. बर्फाच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर अमोनियाच वापरतात. त्याचा वास नाकाला झोंबतो, गळती धोक्याची असते, पण हवामान तापवण्यात त्याचा वाटा जवळपास शून्य. एचएफसीचा प्रश्न दुकानातल्या फ्रीजरचा, माशांच्या गाडीचा आणि घराघरातल्या एसीचा आहे. तिथे पुढच्या वीस वर्षांत काय बदलणार हे आज तारखेनिशी सांगता येते. कोळशाविषयी असे एकही वेळापत्रक नाही.

कोळसा आणि फ्रीजमधला वायू यांत फरक आहे, हे कबूल केलेच पाहिजे. वायू बनवणारे कारखाने मोजके होते आणि पर्याय हाताशी होते. कोळशावर अख्खी अर्थव्यवस्था उभी आहे. दुबईला 2023 मध्ये जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख पहिल्यांदा मसुद्यात आला, तोही अठ्ठाविसाव्या हवामान परिषदेत. पण हा फरक तंत्रज्ञान उद्योगाच्या बाजूने फारसा वापरता येत नाही. मोठी डेटा सेंटरे चालवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, श्रीमंत आहेत आणि त्यांच्या हिशेबवह्या व्यवस्थित आहेत. माँट्रियलसारखी रीत लावायला याहून सोपा उद्योग शोधून सापडणार नाही. तरी भारताने जून 2023 मध्ये अधिसूचित केलेल्या कार्बन पत व्यापार योजनेत सिमेंट, ॲल्युमिनियम, पोलाद, खते, कागद, कापड अशी क्षेत्रे आली आणि डेटा सेंटरे राहून गेली. शिवाय तिथेही उद्दिष्ट दर टन मालामागचे आहे, एकूण उत्सर्जनाचे नाही.

तंत्रज्ञान म्हटले की डोळ्यांसमोर सिलिकॉन येते, ही या चर्चेतली खोड आहे. सिंधुदुर्गात उत्सर्जन घटवणारे सर्वांत रुजलेले यंत्र शेणावर चालते. कुडाळ तालुक्यातल्या झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने, डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने, जिल्ह्यात हजारो बायोगॅस संयंत्रे बांधून दिली. अंगणाच्या कडेला जमिनीत अर्धवट पुरलेला घुमट, एका बाजूला शेण-पाणी कालवायची कुंडी, दुसऱ्या बाजूला वाहून येणारी स्लरी आणि स्वयंपाकघरात जाणारी नळी. शेणातून एरवी उघड्यावर काही मिथेन हवेत गेला असता. इथे तो चुलीत जळतो. लाकूडफाटा वाचतो, धूर जातो, स्लरी माडांना घालता येते. 2011 च्या त्याच जैवविविधता प्रकल्पात भाताची ‘श्री’ पद्धतही आली: रोपे कोवळी असताना अंतरावर लावायची आणि खाचर सतत तुंबून न ठेवता मधून मधून कोरडे होऊ द्यायचे. पाणी तुंबले नाही की खाचरातला मिथेन घटतो. गंमत अशी, की 2021 च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर भारताने सही केलेली नाही. मिथेन आपल्याकडे गरिबाच्या गोठ्यातून आणि खाचरातून येतो, चैनीतून नव्हे, हे त्याचे कारण, आणि ते पटण्यासारखे आहे. म्हणजे सही केलेल्या करारांत प्रगती दाखवायला कागद चाळावे लागतात आणि न केलेल्या करारातली प्रगती झारापच्या अंगणात पाहायला मिळते.

जिल्ह्याचा कोळशाशीही एकदा सामना झाला होता. देवगड तालुक्यात आधी गिर्ये आणि मग मुणगे इथे 4,000 मेगावॅटचा महाऔष्णिक प्रकल्प योजला गेला. आंबा बागायतदार आणि मच्छीमारांनी विरोध केला. राखेने मोहोर जाईल, गरम पाण्याने खाडी मरेल, ही भीती होती. प्रकल्प उभा राहिला नाही. विरोध करणाऱ्यांच्या भाषणात क्योटो किंवा पॅरिस नव्हते. तरी न जळलेल्या त्या कोळशाचा आकडा जिल्ह्यातल्या कुठल्याही अनुदानित प्रकल्पाने वाचवलेल्या उत्सर्जनापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो कोणाच्याही खात्यावर जमा नाही. त्याच तालुक्यात देवगडच्या सड्यावर गेल्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या, देशातल्या आरंभीच्या प्रयोगांपैकी त्या होत्या. आज लोक तिथे सूर्यास्त पाहायला जातात.

समुद्रात मर्यादा कशी दिसते याचे उदाहरण पुन्हा मासेमारीच देते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालण्याची चाल कायद्याच्या आधीची. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा आणि तो 2021 मध्ये कडक केला गेला. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारने डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आणि परवाने कमी करत नेण्याचे ठरवले. हे सगळे नियम दर जाळ्यामागे किती पकडावे हे सांगत नाहीत. किती नौका, कोणते महिने, कुठल्या पाण्यात, हे सांगतात. त्यांची पायमल्ली होते हे मालवणात कोणीही सांगेल. पण पायमल्ली झाली असे म्हणायला तरी आधी नियम असावा लागतो.

आणि नियम असला की तंत्रज्ञान त्याच्या बाजूने उभे करता येते. नौकांवर बसवलेले ट्रान्सपाँडर कोण कुठल्या पाण्यात आहे ते उपग्रहामार्फत कळवतात. त्यांचा पहिला उपयोग वादळाचा इशारा पोचवणे हा असला तरी हद्दीचा प्रश्नही त्यांनी सुटतो. 9 जानेवारी 2025 रोजी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली. एलईडीचा उजेड ड्रोनच्या कॅमेऱ्यातून लपत नाही, आणि नौकेच्या नाळेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक वाचला की मालक कोण, परवाना कसला, हे उतरवून घेता येते.

डेटा सेंटराच्या भिंतीवर असा क्रमांक रंगवलेला नसतो. सेबीच्या नियमाप्रमाणे 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना आपल्या ऊर्जावापराचा आणि उत्सर्जनाचा अहवाल द्यावा लागतो, पण तो कंपनीचा असतो, इमारतीचा नसतो. आणि भारतातल्या शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपन्या त्यात येतच नाहीत. युरोपीय संघाने 2023 च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशात 500 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक डेटा सेंटराला वीज, पाणी आणि वाया जाणारी उष्णता यांची माहिती दरवर्षी द्यायला लावली आहे. मालवण बंदरातल्या दोन सिलिंडरच्या होडीकडून आपले मत्स्यव्यवसाय खाते डिझेलच्या परताव्यासाठी लिटरचा हिशेब आधीपासून मागत आले आहे.